कापसाच्या गाडीवरून धुळ्याला

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता एक पावसाळा उलटला. भेटायला येणारी माणसं अजून येतात. ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि त्याच्याविषयी चांगलं बोलतात. किती शांत माणूस, म्हणतात. कधी घाई नाही की धावपळ नाही. शाळेची घंटा होऊन गेली तरी आमचे सर आपल्या चालीनेच वर्गावर जायचे, असं त्याचे विद्यार्थी सांगतात. मी मान हलवते. ते सगळं खरंच आहे. पण त्यांचं बोलणं चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे येतो तो नुकतं मिसरूड फुटलेला एक मुलगा. हातात भलामोठा बांबू, खालचा जबडा सुटलेला, गाल थलथल हलताहेत, आणि मागे गावातली कुत्री. समोर माणसं दुःख करत बसलेली असताना मला हसू येतं. मग मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव पाचोऱ्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. मुलीने त्यापुढे शिकायचं असतं हे आमच्या घरात कोणाच्या मनात आलं नव्हतं, आणि मीही कोणाच्या मनात घातलं नाही. भाऊ जळगावला कॉलेजात होता. तिथल्या वसतिगृहात राहायचा आणि शनिवारच्या गाडीने घरी यायचा. येताना स्वतःच्या नावावर माझ्यासाठी ग्रंथालयातली पुस्तकं आणायचा. ग्रंथपालांना तो फार वाचणारा मुलगा वाटे. परीक्षेत त्याला इतके कमी गुण कसे पडतात, याचं त्यांना कोडं होतं.

त्या वर्षी दिवाळीत आमच्या सालदाराने सांगितलं की पुढच्या वर्षी मी राहणार नाही. सालदार म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठरवलेला माणूस. आमच्याकडे त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं त्याच दिवशी सुरू होतं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, जेवताना सरळ विषय काढला.

"नवा माणूस कसाले शोधू? घरमा इतला मोठा पोऱ्या शे."

भावाचा घास हातातच राहिला. माय म्हणाली, "त्याचं कॉलेज आहे ना."

"काय करस तो कॉलेजमा?"

भावाने जन्मात पहिल्यांदा नानांना उलट उत्तर दिलं असेल. तो म्हणाला, "नाना, मी बांबूउडी मारतो. थंडीत धुळ्याला सगळ्या कॉलेजांचे सामने आहेत. सर म्हणतात, मी पहिला येऊ शकतो."

बांबूउडी म्हणजे काय हे नानांना समजावून सांगावं लागलं. हातात लांब काठी घेऊन धावायचं, काठी जमिनीत रोवायची, तिच्या आधाराने वर जायचं आणि दोन खांबांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीवरून पलीकडे पडायचं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पलीकडे काय ऱ्हास?"

"वाळू."

"वाळूसाठी इतला खटाटोप?"

पण नाना हट्टी असले तरी शब्दाचे पक्के होते. ताटात हात धुता धुता त्यांनी निकाल दिला. धुळ्याला पहिला आलास तर आखाजीला सालदार धरू. नाही तर तूच सालदार. मी भिंतीशी बसून ऐकत होते. त्याचं कॉलेज गेलं की माझी पुस्तकंही गेली, हे कोणी बोललं नाही. पण भावाने माझ्याकडे एकदा पाहिलं.

आता अडचण अशी होती की भावाला उडता येत होतं, धावता येत नव्हतं. लहानपणापासून तो शेतातला पाट बांबू टेकवून ओलांडायचा; त्यामुळे काठीवर लोंबकळण्यात तो माकडाइतका तरबेज होता. पण जिमखान्याच्या सरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "अरे, माणसाला बांबू वर नेत नाही, वेग नेतो. तू धावतोस असा की जणू डोक्यावर हंडा आहे." सरांनी स्वतः कधी बांबू हातात धरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, पण बोलणं बरोबर होतं. त्यांनी ग्रंथालयातलं एक जाड इंग्रजी पुस्तक त्याला काढून दिलं आणि म्हणाले, "यात सगळं आहे." भावाने ते पुस्तक जसंच्या तसं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "अक्का, तू वाच. मी धावतो."

नानांचं म्हणणं होतं, "पयानं काय शिकनं पडस? कुत्रं मांगे लागनं का बठ्ठा पयतस." कुत्रं मागे लागलं की सगळेच पळतात, हे खरं, पण पुस्तकाचं म्हणणं वेगळं होतं. शब्दकोश शेजारी घेऊन मी एकेक पान लावायची आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज, पुढे दर रविवारी, सकाळी गोठ्यामागच्या मोकळ्या वाटेवर उभी राहून त्याला सांगायची. गुडघे वर उचल. हात कोपरात वाकव, बांबू कमरेशी धर, त्याचं टोक डुलू देऊ नकोस. आणि चेहरा सैल सोड. या शेवटच्या गोष्टीवर त्या पुस्तकाचा फार भर होता. धावणारा माणूस दात आवळतो, दात आवळले की मान आवळते, मान आवळली की खांदे, आणि मग पायही जड होतात. तेव्हा जबडा इतका सैल पाहिजे की गाल आपोआप हलले पाहिजेत.

भाऊ आज्ञाधारक होता. दुसऱ्या दिवशी तो जबडा सोडून, डोळे समोर लावून, गुडघे छातीपर्यंत उचलत गोठ्यामागून निघाला तो थेट वेशीपर्यंत गेला. शेजारची म्हातारी शेण थापत होती. तिने ते बघितलं आणि शेणाच्या हातांनीच आमच्या दारात आली.

"अवं माय, तुना पोऱ्याले वारं लागनं!"

माय घाबरली. मी समजावलं की पुस्तकात तसं लिहिलं आहे, तेव्हा ती आणखी घाबरली. संध्याकाळी म्हातारीने मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. तो पाटावर निमूट बसला होता. "अक्का," तो हळूच म्हणाला, "हिचं होईपर्यंत मी जबड्याचा सराव करू का?" त्याने जबडा सोडला. म्हातारीने आणखी मूठभर मिरच्या टाकल्या. आम्ही सगळे खोकत अंगणात आलो.

पायात जोर यावा म्हणून मागे ओझं बांधून धावावं, असं पुढच्या प्रकरणात होतं. आमच्याकडे ओझं म्हणजे कोळपं. तण काढायचं हलकं लोखंडी पात्याचं अवजार. एकाने दोरीने ओढायचं आणि दुसऱ्याने मागे दांडी दाबून चालायचं. बाजरी निघून गेलेल्या रिकाम्या वावरात भाऊ कमरेला दोरी बांधून पुढे आणि मी दांडी धरून मागे, असं आमचं सुरू झालं. नानांनी लांबून पाहिलं. मुलाला शेतीची गोडी लागली असं वाटून त्यांचा चेहरा उजळला. जवळ येऊन म्हणाले, "रिकामा वावरमा काय करतस? हरभरामा चाला."

नाही कसं म्हणणार? हरभरा नुकता वीतभर झाला होता. भाऊ सुटला. मी मागून "हळू, हळू" म्हणत होते, पण हळू धावायला तो आलाच नव्हता. पहिल्या तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी वळून पाहिलं तर तणही नव्हतं आणि हरभराही नव्हता. तो उपटलेला पाला मायने गोळा करून आणला आणि आठवडाभर आम्ही हरभऱ्याची भाजी खाल्ली. नाना रागावले नाहीत, हीच खरी पंचाईत होती. ते माणसांना सांगू लागले की पोरगा बैलासारखा ओढतो, आखाजीची काळजी मिटली. भाऊ जितका जोरात धावायला लागला, तितका तो नानांना सालदारकीला योग्य वाटायला लागला.

धावणं तर सुधारलं. पण उडी काही उंच जाईना. मी वाटेच्या कडेला बसून कितीतरी वेळा बघितलं तेव्हा कुठे लक्षात आलं. सबंध वाट तो वाऱ्यासारखा यायचा आणि बांबू रोवायच्या अगदी आधी, दोन-चार पावलं उरली असताना, त्याचा वेग पडायचा. जबडा मिटायचा, खांदे वर यायचे. पुस्तकात याला मोठा दोष म्हटलं होतं. कारण मात्र पुस्तकात नव्हतं. ते आमच्या गोठ्यामागे होतं. उडी मारून पडायला मऊ जागा हवी म्हणून आम्ही घरचा उकिरडा निवडला होता. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, उष्टं-खरकटं. मऊ होता, यात शंका नाही. पण पूर्ण वेगाने उकिरड्यात जाऊन पडावं असं कोणाला मनापासून वाटेल?

"मन घट्ट कर," मी म्हणाले.

"तू एकदा पडून बघ," तो म्हणाला.

मार्ग निघाला तो कापसाने. वेचणी जोरात होती आणि मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस साठला होता. पण घरात त्याला पाय लावलेला नानांना चालत नसे. लक्ष्मी आहे ती. गाडीत भरल्यावर मात्र त्याच लक्ष्मीला तुडवावंच लागतं. गाडीला चारही बाजूंनी बांबूच्या उंच तट्ट्या बांधायच्या, आत कापूस ओतायचा आणि कोणीतरी आत उतरून गोल गोल फिरत पायांनी दाबायचा, म्हणजे आणखी मावतो. काम कंटाळवाणं. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात. भाऊ नानांना म्हणाला, "नाना, यंदा सगळ्या गाड्या मी दाबतो. फक्त आत कसं चढायचं ते मी ठरवीन."

गाडी अंगणाच्या टोकाला उभी केली. तिच्यापुढे बांबू रोवायला एक लहान खड्डा खणला. भाऊ वेशीकडून धावत आला आणि तट्ट्यांवरून कापसात गेला. तो वेग मी त्याआधी पाहिला नव्हता. शेवटच्या पावलांना तर तो जास्तच जोरात होता, कारण पलीकडे पांढरा मऊ ढीग होता. आतून त्याचा आवाज आला, "अक्का! स्वर्ग शे!"

"मंग दाब आते," नाना म्हणाले.

हे आमचं ठरून गेलं. उडी मारायची, कापसात पडायचं, उठून गोल फिरत पाय आपटत सगळं दाबायचं, मग तट्टीवरून खाली यायचं आणि पुन्हा वेशीकडे जायचं. शेजारच्यांनीही आपल्या गाड्या आणून उभ्या केल्या. त्या हंगामात आमच्या गावच्या गाड्यांइतका घट्ट भरलेला कापूस त्या वाटेने गेला नसेल. तट्ट्या एकीवर एक बांधून उंच होत गेल्या आणि भाऊ त्यांच्यावरून जात राहिला.

धुळ्याला मावशी होती म्हणून मलाही नेलं. नाना आले ते स्वतःच्या डोळ्यांनी निकाल बघायला. पाचोऱ्याहून चाळीसगाव आणि तिथे गाडी बदलून धुळे. बांबू आमच्याच डब्यात, बाकांच्या मधल्या वाटेत आडवा. प्रत्येक स्टेशनवर कोणीतरी विचारत होतं, मंडप कोणाकडे आहे? शेवटी नानांनी कंटाळून सांगितलं की आमच्याच घरी आहे. मग एकाने माझ्याकडे बघून मुलगा काय करतो, हेही विचारलं. भाऊ खिडकीबाहेर तोंड करून जबड्याचा सराव करत होता.

मैदानावर चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या. पडायच्या जागी वाळू कुदळीने उकरून मोकळी केली होती. नाना आणि मी दोरीला लागून उभे राहिलो. दोन खांब आणि आडवी पट्टी बघून नानांना पोळ्याचं तोरण आठवलं. पोळ्याला वेशीत बांधलेलं तोरण तुटतं तेव्हाच बैल सुटतात आणि गाव ओरडतं. त्यामुळे पहिल्याच मुलाने पट्टी पाडली तेव्हा नानांनी "शाब्बास!" म्हणून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी सांगितलं की ती पाडायची नसते. नाना म्हणाले, "मंग बांधतस कसाले?"

भाऊ धावत आला. गाल हलत होते, गुडघे वर, बांबू स्थिर. पट्टीवरून तो सहज गेला आणि वाळूत पडला. आणि मग, देवाशपथ सांगते, तो उठला आणि वाळू तुडवायला लागला. गोल गोल फिरत, टाचा आपटत, कोपरेसुद्धा न सोडता.

पंच शिट्टी फुंकत धावले. "अहो! काय करताय? बाहेर या!"

भाऊ दचकून बाहेर आला. काय केलं ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. इतक्यात पुढचा मुलगा निघाला होता. धुळ्याचाच, उंचापुरा, त्याची काठी तेल लावून चकाकत होती. तो पट्टीवरून गेला आणि दाबलेल्या वाळूवर असा बसला की दोरीपाशी उभ्या असलेल्या आम्हालाही कळलं. कमरेवर हात ठेवून तो ओरडला, "सर, हा खड्डा दाबून ठेवतोय! मुद्दाम करतोय!"

"मुद्दाम नाही," भाऊ म्हणाला. "सवय आहे."

"वाळू तुडवायची सवय?"

"कापूस."

सगळं मैदान हसलं. फक्त नाना हसले नाहीत. ते मला म्हणाले, "बाकीना कोनीच दाबत नहीत. आपलाच एक काम करी ऱ्हायना."

कुदळीवाल्या गड्यांनी वाळू पुन्हा उकरली. पंचांनी भावाला बजावलं, "पडल्यावर पाय हलवायचे नाहीत. पुन्हा केलंस तर बाद." बाकीचे एकेक गळत गेले आणि शेवटी हे दोघेच उरले. पट्टी वर चढवली. धुळ्याच्या मुलाने ती पहिल्याच झेपेत ओलांडली.

भाऊ निघाला. मला लांबूनच कळलं की बिघडलं आहे. त्याच्या डोक्यात आता फक्त पाय होते, पडल्यावर न हलवायचे पाय. शेवटच्या दोन-चार पावलांना जबडा मिटला, खांदे वर आले, वेग पडला. पट्टी खाली. टाळ्यांसाठी वर आलेले नानांचे हात या वेळी थांबले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. उकिरडा परत आला होता.

तीनपैकी आता एकच संधी उरली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, दिवाळीत जेवताना पाहिलं होतं तसं. मी मैदानावर आलेल्या चार-दोन बायकांपैकी एक, डोक्यावर पदर, आयुष्यात कधी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात न बोललेली. तो धावत निघाला. शेवटची पावलं जवळ आली, जबडा मिटायला लागला, आणि मी दोरीवरून पुढे वाकून ओरडले,

"कापूस!"

जबडा सुटला. तो पट्टीवरून गेला आणि मध्ये बरीच मोकळी हवा राहिली. वाळूत पडला तो तसाच उताणा पडून राहिला, पाय हवेत धरून, ते चुकून कामाला लागू नयेत म्हणून. पंचांना वाटलं याला लागलं. दोघं धावत गेले. तो म्हणाला, "मला उचलून बाहेर ठेवा. मी उभा राहिलो तर दाबीन."

त्यापुढची उंची दोघांनाही जमली नाही. उंची सारखी, पण भावाच्या पट्ट्या जास्त पडल्या होत्या, म्हणून तो दुसरा. नानांना ते पटेना. दोन गाड्या काट्यावर सारख्या भरल्या तर एक कमी कशी, असं ते पंचांना विचारत होते. पंच म्हणाले, नियम आहे. नाना म्हणाले, "नियम शे, तर शे." आणि नियम तर त्यांनी स्वतःही घातला होता.  परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत भावाने बांबूकडेसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या बाकावर एक ओळखीचा व्यापारी बसला होता. त्याने विचारलं, "नाना, पोरगा आता शेतीत का?"

नानांनी बाहेरच्या वावरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज पाह्यं मी त्याले. इतला पयनारा माणूस वावरमा टिकस का?"

एवढंच. त्याचा अर्थ काय धरायचा ते आम्हाला कळलं नाही, आणि विचारायची छाती नव्हती. हिवाळा संपला, कापूस संपला, उन्हाळा आला. आखाजीच्या सकाळी माय पुरणाला बसली होती आणि गावात पोरींचे झोके बांधले होते. ओसरीवर एक माणूस येऊन बसला. धडधाकट, चाळिशीचा. नाना त्याच्याशी सालाचं बोलत होते. भाऊ आणि मी दाराच्या आड उभे. बोलणं सगळं झालं आणि शेवटी नानांनी विचारलं,

"तुले पयता येस का?"

माणूस गोंधळला. "नही नाना. गुडघा दुखस. पन काम करसू मी."

"बेस शे," नाना म्हणाले. "ऱ्हाय."

 दाराआड भावाचा जबडा सुटला होता, सराव म्हणून नव्हे. जरा वेळाने त्याने डोळे पुसले आणि मला अगदी हळू, नानांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "अक्का, जूनमध्ये पहिलं कोणतं पुस्तक आणू?"